शिट्टी न ऐकणारा कुत्रा

नेस्बिट स्टोरीच्या ग्लेनला नाही म्हणायचं, हे टॅमझिन हेडलीने मनाशी पक्कं केलं तेव्हा खोऱ्यातलं गवत कापून झालं होतं. आता ते स्टोरीच्या तोंडावर कसं म्हणायचं, एवढंच उरलं होतं. ग्लेन काही कुणा सोम्यागोम्याचा कुत्रा नव्हता. मेंढरं हाकण्याच्या शर्यतीत लागोपाठ चांदीचा पेला आणलेला, सीमेच्या अलीकडे-पलीकडे नाव असलेला कुत्रा होता तो. आणि स्टोरी तो टॅमझिनच्या कुत्रीला लावायला आपणहून, काही न घेता द्यायला निघाला होता.

"लोक टोप्या काढून उभे राहतात त्याच्या दारात, त्या कुत्र्यासाठी," कडीमामा चुलीजवळच्या खुर्चीतून म्हणाला. "आणि तुझं आपलं भलतंच."

"मामा, ग्लेनची पिल्लं काढून झालीत एकदा. विसरलास?"

मामा विसरला नव्हता. तीन वर्षांपूर्वी टॅमझिनच्या बापाने, मरण्याआधी, ग्लेनकडून एक वेत काढलं होतं. पिल्लं दिसायला देखणी, पायाने वाऱ्यासारखी. पण ससा बिळातून निघाला की ती पोट जमिनीला टेकवून, मान लांबवून त्याच्याकडे टक लावून बसायची. मेंढीला नजरेने जागच्या जागी खिळवायचं हे ग्लेनचं कसब, तेच पिल्लांत उतरलं होतं. मेंढी खिळते. ससा कशाला खिळतोय? तो शेपटी दाखवून पलीकडच्या बिळात जायचा, आणि पिल्लं त्या बिळाकडे भक्तिभावाने बघत राहायची.

टॅमझिन सशांवर जगत होती. कोकेट नदीच्या वरच्या खोऱ्यात ससे इतके माजले होते की सलगमाची शेतं काठाकाठाने बोडकी व्हायची, आणि ते कमी करायला शेतकरी तिला आपापलं रान देत. बापाचाच धंदा तिने पुढे चालवला होता. बिळांच्या तोंडांवर जाळी लावायची, आत मुंगसासारखं फेरेट सोडायचं, निसटलेला ससा कुत्र्याने धरायचा, आणि जोड्या बांधून गाडीने न्यूकॅसलच्या बाजारात पाठवायच्या. त्यासाठी लागतो लर्चर. म्हणजे एका बाजूने ग्रेहाउंड, दुसऱ्या बाजूने मेंढपाळी कुत्रा. आईचा वेग आणि बापाचं डोकं. बापाच्या वेळचा जुना जिप लर्चर होता. तो वसंतात म्हातारपणाने गेला. मागे राहिली लिनेट, निखळ ग्रेहाउंड. शर्यतीच्या मैदानावरून आणलेली, राखी रंगाची, पळायला लागली की डोळ्याला दिसू नये अशी. पण कातडी कांद्याच्या सालीसारखी, थंडीत दात वाजवणारी, आणि पळताना समोर दगडी गडगा आहे की मोकळं रान, हे न बघणारी. तिच्या नखांची आणि बोटांची किती वेळा मलमपट्टी केली, याचा टॅमझिनने हिशेब सोडून दिला होता.

"वेग घरात आहे," ती मामाला म्हणाली. "मला डोकं पाहिजे, नाक पाहिजे, अंगावर केस पाहिजेत. आणि डोळ्याचा कुत्रा नको."

"मग जा, आंधळा शोध," मामा म्हणाला.

---

शरदात डोंगरावरची मेंढरं खाली उतरवायचा दिवस असतो. सगळ्या घरांचे मेंढपाळ आणि कुत्रे एकत्र वर चढतात. टॅमझिन भाकरी आणि डुकराच्या मांसाचा तुकडा फडक्यात बांधून पहाटेच निघाली आणि वरच्या गडग्यावर जाऊन बसली. तिला कुत्रे एकमेकांशेजारी काम करताना बघायचे होते. शर्यतीत सगळेच कुत्रे हुशार दिसतात. मेंढरं पाच, मैदान सपाट, आणि धनी समोर उभा. इथे मैलभर उतार, दगडधोंडे, आणि वरून धुकं.

ग्लेन नेहमीप्रमाणे अचूक होता. स्टोरीने शिट्टी वाजवली की बसायचा, वाजवली की डावीकडे वळायचा. बघणाऱ्याला समाधान वाटावं असं काम. टॅमझिनलाही वाटलं. पण धुकं खाली आलं तेव्हा तो थांबला आणि शिट्टीची वाट बघत राहिला.

तेवढ्यात खालून एझ्रा डॅगचा आवाज आला. डॅग हा वरच्या जहागिरीचा मेंढपाळ, रेव्हनक्लूच्या दगडी खोपटात एकटा राहणारा म्हातारा. तो आपल्या कुत्र्याला शिव्या घालत होता. ब्रॉक नावाचा हा कुत्रा भुरकट, झिपऱ्या केसांचा, डोळ्यांवर बटा आलेला, उंच पायांचा. शिट्टीवर शिट्टी होत होती आणि ब्रॉक उलट्या दिशेने वर चालला होता.

"डॅगचा बहिरा निघाला फिरायला," कुणीतरी म्हणालं, आणि धुक्यात चारपाच जण हसले.

ब्रॉक टॅमझिनच्या समोरून गेला. नाक वर, वारा हुंगत. छातीइतका उंच गडगा त्याने जवळजवळ उभ्यानेच पार केला: आधी वरच्या दगडावर क्षणभर पाय टेकले, पलीकडे काय आहे ते बघितलं, आणि मग उतरला. टॅमझिन भाकरी चावायची थांबली. पलीकडे बघून उडी मारणारा कुत्रा तिने जिपनंतर पाहिला नव्हता.

बऱ्याच वेळाने कड्याच्या मागून भुंकणं ऐकू आलं, आणि धुक्यातून दोन मेंढ्या आणि एक थोराड कोकरू खाली आलं. पाठोपाठ ब्रॉक, जीभ बाहेर. कड्यामागच्या झुडपांत अडकलेली ती तीन जनावरं कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. मेंढ्यांच्या अंगावरची खूण स्टोरीची होती.

डॅगने कुत्र्याची पाठ थोपटली नाही. "शिट्टी ऐकत जा, मेल्या," एवढंच म्हणाला.

टॅमझिनने उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. कुत्रा हट्टी होता, हे तिने पाहिलं होतं. हट्ट पिल्लांत उतरणार, हेही तिला ठाऊक होतं. ती मनात म्हणाली, उतरू दे. हट्टाला मी पुरून उरेन. टक लावण्यापुढे माझा इलाज नाही.

---

खाली मेंढवाड्यात मेंढरं मोजणं चाललं होतं, तिथेच स्टोरीने तिला गाठलं. गडी मनाचा वाईट नव्हता, पण मोठेपणा हवा असायचा.

"मग, कधी आणतेस तुझी राखी राणी? ग्लेन तयार आहे."

"नेस्बिटदादा, तुमचे उपकार आहेत. पण या वेळी दुसरा कुत्रा बघितलाय मी."

"दुसरा? कुणाचा?"

"त्या धन्याला अजून विचारायचंय. आधी नाव घेणं बरं नाही."

स्टोरी हसत होता, ते हसू ओठांवरच वाळलं. आजूबाजूचे लोक ऐकत होते, तेच वाईट झालं. "माझा ग्लेन तुझ्या त्या पळपुट्या कुत्रीला कमी पडतो म्हणायचं."

"मेंढरांसाठी त्याच्याहून चांगला कुत्रा नाही. मला मेंढरं नाहीत."

"तुला रानही नाही," स्टोरी म्हणाला. "माझ्या शेतातले ससे यंदा दुसऱ्या कुणाला देईन म्हणतो."

टॅमझिनने मान डोलावली आणि निघाली. स्टोरीचं रान म्हणजे तिच्या हिवाळ्याची निम्मी भाकरी होती. घरी आल्यावर मामा तासभर बडबडला. ती फेरेटांना दूध घालत होती. बडबड संपल्यावर म्हणाली, "खालच्या गावाकडची रानं धरू. चालायला लागेल जास्त."

"तुला लागेल. मी म्हातारा माणूस."

"मला लागेल," ती म्हणाली.

---

एझ्रा डॅगने दार उघडलं, तिचं म्हणणं उभ्यानेच ऐकलं, आणि "नाही" म्हणून दार लावलं.

आठवड्याने ती पुन्हा गेली. या वेळी तो बाहेर मेंढ्यांचे खूर कापत होता, त्यामुळे लावायला दार नव्हतं. तिने बाही सरसावून पुढची मेंढी उलटी करून धरली. अशी बरीच जनावरं झाली.

मग तोच बोलला. "गाभण मेंढ्या होत्या माझ्या, या खालच्या कुरणात. खाणीकडचे चोर आले होते, हरणं मारायला. त्यांचे असलेच कुत्रे, लर्चर. हरीण मिळालं नाही, म्हणून मेंढ्यांत शिरले. सकाळी मी काय काय उचललं ते तुला सांगत नाही. आणि तू म्हणतेस, माझ्या ब्रॉकने तसले कुत्रे जन्माला घालावेत."

"तसले नाही, डॅगबाबा."

"कुत्र्याला कुठं कळतं आपण कसले ते? आणि जहागिरीच्या कारभाऱ्याला कळलं, तर हे छप्पर जाईल माझं. मेंढपाळाच्या कुत्र्याने चोरांचे कुत्रे काढले म्हणतील."

"चोराला एक पिल्लू देणार नाही मी."

"बोलायला काय जातं."

टॅमझिनने हातातली मेंढी सोडली आणि कंबर सरळ केली. "मग बोलत नाही. काय बघायचंय ते सांगा, दाखवते."

म्हाताऱ्याने पुढच्या मेंढीचा खूर हातात घेतला. "मेंढ्यांत एडके सोडायच्या आत ये. तुझी कुत्री घेऊन माझ्या मेंढ्यांमधून चालत जा, गळ्यात पट्टा नको. तिने एका मेंढीकडे मान वळवून पाहिलं, तर परत या वाटेला यायचं नाही."

लिनेटने मेंढ्या आजवर लांबूनच पाहिल्या होत्या. टॅमझिनने घरी शिकवणी सुरू केली. मामाने हौसेने पाळलेली एक म्हातारी, खाष्ट मेंढी होती. परसात दोघींना शेजारी शेजारी बांधलं. पहिल्याच दिवशी लिनेट कुतूहलाने हुंगायला गेली आणि मेंढीने तिला अशी टक्कर दिली की कुत्री कोलांटी खाऊन पेंढ्यात पडली.

"शिकवणी मेंढीच घेतेय," मामा म्हणाला. "तू आत ये, चहा गार होतोय."

त्यानंतर टॅमझिन लिनेटला रोज कुणाच्या ना कुणाच्या कळपाजवळून नेऊ लागली. आधी आखूड दोरीने, मग लांब दोरीने, शेवटी दोरीशिवाय. मान वळली की एक शब्द, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाऊस असो, गारा असो, तिने एक दिवस चुकवला नाही. शेवटी शेवटी तर लिनेट मेंढी दिसली की टॅमझिनच्या पायाला चिकटूनच चालायची.

---

ऑक्टोबरच्या अखेरीस, कोरड्या थंड दुपारी, ती रेव्हनक्लूच्या कुरणात उभी राहिली. डॅग फाटकाला टेकून होता. ब्रॉक त्याच्या पायाशी.

टॅमझिनने पट्टा काढून खिशात घातला आणि चालू लागली. मेंढ्यांनी माना वर केल्या, जरा बाजूला सरकल्या. लिनेट तिच्या गुडघ्याशी नाक लावून चालत होती. कळपाच्या मध्यापर्यंत ती गेली, आणि तिला वाटलं, झालं.

आणि नेमका तिच्या पुढ्यातून रानससा उठला. बिळातला छोटा ससा नव्हे. गवतात दबा धरून बसणारा, लांब कानांचा, मोठा. लिनेट सुटली. टॅमझिनची हाक तोंडातून निघेपर्यंत ती लांब गेली होती. ससा मेंढ्यांच्या पोटाखालून वळला, कुत्री त्याच्यामागून कळप चिरत गेली, आणि मेंढ्या दशदिशा उधळल्या. ससा गडग्यातल्या भोकातून पलीकडे गेला. त्या भोकातून कुत्री जात नाही, हे लिनेट सोडून सगळ्या जगाला कळत होतं. ती धडकली. आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

त्याच वेळी दुसरीकडे एक मेंढी उधळताना काठावरून घसरून ओढ्याच्या चरात उताणी पडली. भिजलेल्या लोकरीची मेंढी उताणी पडली की स्वतः उठत नाही.

टॅमझिन मध्ये उभी होती. एका हाताला गडग्याच्या तळाशी राखी ढीग, हलत नव्हता. दुसऱ्या हाताला पाण्यात चार पाय हवेत. तिने लिनेटकडे एकदाच पाहिलं आणि ओढ्याकडे धावली. गुडघाभर पाण्यात उतरून तिने मेंढीच्या मानेखाली खांदा घातला. मेंढीने लाथा झाडल्या, दोघी एकदा परत पडल्या, दुसऱ्यांदा मेंढी काठावर गेली. ती उभी राहून खोकायला लागली तेव्हा टॅमझिन वर आली आणि गडग्याकडे पळत सुटली.

लिनेट जिवंत होती. खांद्याची कातडी हातभर फाटली होती, आणि ती टॅमझिनकडे असं बघत होती, जणू गडगा टॅमझिननेच तिथे आणून ठेवला होता. मागे सावली पडली. डॅग होता. तो कुत्रीला उचलण्यासाठी वाकला.

"चल आत," म्हणाला. "मेंढ्यांची सुई आहे माझ्याकडे."

मेंढ्यांकडे पाहिलं तर त्या कुरणाच्या कोपऱ्यात पुन्हा एकत्र झाल्या होत्या, आणि ब्रॉक त्यांच्यासमोर आडवा पडून जांभई देत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

खोपटात डॅगने टाके घातले. टॅमझिनने डोकं धरलं. तिच्या घागऱ्यातून जमिनीवर पाणी साचलं होतं. अट मोडली होती.

"एवढ्या मेंढ्यांतून गेली," डॅग दोरा ओढत म्हणाला, "एकीच्या लोकरीला तोंड लावलं नाही. सशाशिवाय तिला दिसलंच नाही काही."

"नाही."

"पण अक्कल नाही हिला. अजिबात नाही. समोर भिंत आहे आणि ही..."

"म्हणून तर तुमचा कुत्रा पाहिजे, डॅगबाबा," टॅमझिन म्हणाली.

म्हाताऱ्याच्या गळ्यातून काहीतरी आवाज आला. तो हसला असावा. दोरा तोडून तो उठला, हात धुतले. "तू आधी मेंढीकडे गेलीस," म्हणाला. मग चहा ओतला. "माजावर आली की आण तिला. रात्री हिंडणाऱ्या माणसाला पिल्लू द्यायचं नाही. आणि कारभाऱ्याने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, तेव्हा तूही बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"ओले कपडे बदल. माझ्या बायकोचा घागरा आहे पेटीत."

---

जानेवारीत बर्फ पडलेलं असताना लिनेटला गोधडीत गुंडाळून टॅमझिनने वर नेलं. त्या हिवाळ्यात ती खालच्या गावांची रानं करत होती. अंधारात निघायचं, अंधारात यायचं, आणि खांद्यावरच्या सशांच्या ओझ्याने वळ उठायचे. स्टोरीने आपलं रान दुसऱ्या एका माणसाला दिलं होतं. तो फासे लावायचा, आणि त्यात एकदा स्टोरीचीच मांजर सापडली, अशी बातमी मामाने मोठ्या आनंदाने आणली. टॅमझिनला आनंद झाला नाही. ते रान चांगलं होतं.

मार्चमध्ये लिनेट व्यायली. एक पिल्लू मेलेलंच निघालं. पाच जगली. चहूबाजूंना पाय फुटलेली, आईचा राखी आणि बापाचा भुरका एकमेकांत सांडल्यासारखी. टॅमझिन तासन्‌तास खोक्याशेजारी बसायची. एकाला लवकरच टक लावायची खोड दिसली. ते तिने मेंढ्या राखणाऱ्या एका चुलतभावाला देऊन टाकलं. एक नुसतं झोपायचं.

पिल्लं धावायला लागली तेव्हा किनाऱ्याकडच्या शहरातून एक माणूस मोटारसायकलवर आला. चांगला कोट, गोड बोलणं. त्याला दोन हवी होती, आणि तो पैशाला मागे-पुढे बघणारा नव्हता.

"दिव्याच्या उजेडात काम करतील का गं ही?" त्याने सहज विचारलं.

"रात्री झोपतात ती," टॅमझिन म्हणाली.

"शिकवलं की करतील."

"ज्याच्या कुत्र्याची पिल्लं आहेत त्याला शब्द दिलाय. नाही जमायचं."

माणसाने आकडा वाढवला. कडीमामा खुर्चीत ताठ बसला आणि भाचीकडे बघू लागला. टॅमझिनने उठून दार उघडून धरलं. माणूस गेल्यावर मामा म्हणाला, "घराची कौलं झाली असती त्यात."

"गळतंय कुठं?"

"तुझ्या डोक्यात," मामा म्हणाला. पण संध्याकाळी त्यानेच एका पिल्लाला मांडीवर घेतलेलं तिने पाहिलं. दोन पिल्लं खालच्या गावातल्या ओळखीच्या सशेवाल्यांकडे गेली. झोपाळू पिल्लू मामाने ठेवून घेतलं.

ब्रॉकची गोष्ट कारभाऱ्यापर्यंत पोचलीच. डॅगने कबूल केलं. नोकरी गेली नाही, पण काम नसेल तेव्हा कुत्रा साखळीला बांधायचा, असा हुकूम निघाला. टॅमझिनला वाईट वाटलं, ती वर जाऊन तसं म्हणाली. "साखळी लावतो," डॅग म्हणाला, "आणि तो ती काढतो. मी कितीदा बघू?"

तिने स्वतःसाठी ठेवलेल्या कुत्रीचं नाव होतं टीझल. झिपऱ्या केसांची, लांब पायांची, आणि हट्टाने बापावर गेलेली. पहिलं वर्ष टॅमझिनने तिच्यापायी दात-ओठ खाल्ले. हाक मारली की थांबायची, विचार करायची, आणि मग वाटलं तर यायची. जाळ्यात फेरेट सापडलं तर दोरी चावून सोडवायची. टॅमझिन रागावायची, परत शिकवायची. मेंढ्यांपुढे मात्र एकदाही सैल सोडलं नाही. तिथे हट्ट चालला तो टॅमझिनचाच.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाला, खालच्या एका शेतात, ती जाळी लावत होती. टीझल एका बिळापाशी गेली, हुंगलं, आणि पुढे गेली. दुसऱ्यापाशी गेली, एक पाय उचलून उभी राहिली. ससा याच्यात आहे. टॅमझिनने आधीच्या बिळात फेरेट घातलं होतं; तिने ते काढून इथे सोडलं. जमिनीखाली धडधड झाली, आणि ससा भलत्याच, जाळं नसलेल्या तोंडातून निघाला.

टीझल निघाली ती तिच्या आईच्या पायांनी. ससा सरळ गडग्याकडे, भोकाकडे. हाक मारावी की नाही, हे ठरेना, आणि तिने मारली नाही. गडग्यापासून चार उड्यांवर कुत्रीने अंग तिरकं केलं, वेग मोडला, वरच्या दगडावर पाय टेकले, पलीकडे पाहिलं आणि दिसेनाशी झाली.

टॅमझिन जाळी तशीच टाकून उभी राहिली. थोड्या वेळाने गडग्यावर झिपरं डोकं आलं. तोंडात ससा होता, जिवंत, पाय झाडत. टीझल उतरली, शेताच्या कडेने, घाई न करता चालत आली, आणि ससा तिच्या हातात दिला. धरलेल्या जागी केसही मोडला नव्हता.

"बरं," टॅमझिन म्हणाली. तिने सशाची मान मोडली, तो गडग्यावर टांगला, आणि उरलेली जाळी लावायला खाली वाकली. बिळांचा अजून बराच बांध बाकी होता.